शरीराचे वजन आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया

कर्करोगाचे निदान झाले की घरातील सर्वांचे लक्ष दोनच प्रश्नांवर खिळते. गाठ केवढी आहे आणि ऑपरेशन कधी होणार? हे स्वाभाविकच आहे. परंतु रुग्णालयात पहिल्या दिवशी परिचारिका रुग्णाला वजनकाट्यावर उभे करते आणि केसपेपरच्या कोपऱ्यात एक आकडा लिहिते, त्याकडे मात्र नातेवाइकांपैकी कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती दिवसांत उठून चालू लागेल, जखम वेळेवर भरेल की चिघळेल, पुढची औषधे त्याला झेपतील की नाही, यांपैकी बऱ्याच गोष्टींचा संबंध त्या आकड्याशी असतो. तो एक आकडा म्हणजे सर्व काही नव्हे. तो कसा वाचावा, हे समजून घेणे मात्र प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे आणि आवश्यकही आहे. प्रस्तुत लेखाचा उद्देश एवढाच आहे.

वजन कमी की जास्त, हे कसे ठरते?

नुसते किलो सांगून माणूस बारीक की स्थूल हे कळत नाही, कारण उंच माणसाचे वजन साहजिकच जास्त असते. म्हणून वजन आणि उंची यांचे गणित मांडतात. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. बेल्जियमचे गणितज्ञ अदॉल्फ केतले यांनी हे सूत्र १८३० च्या दशकात मांडले. १९७२ मध्ये अमेरिकेचे शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ असे नाव दिले. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ‘बीएमआय’ म्हणतात.

उदाहरणार्थ, एका बाईंची उंची १५० सेंटिमीटर म्हणजे दीड मीटर आणि वजन ५८ किलो आहे. दीडचा वर्ग २.२५. ५८ ला २.२५ ने भागले की २५.८ येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकाप्रमाणे १८.५ पेक्षा कमी म्हणजे कमी वजन, १८.५ ते २४.९ म्हणजे योग्य वजन, २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून पुढे स्थूलता. परंतु आशियातील माणसांना कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार जडतात असे दिसून आल्यामुळे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी या मर्यादा खाली आणल्या. त्यांच्या मते भारतीयांनी २३ पासूनच सावध व्हावे आणि २५ पासून स्थूलता मानावी. त्या हिशेबाने वरील उदाहरणातील बाई स्थूल ठरतात, जरी शेजारीपाजारी त्यांना ‘अंगाने बरी’ एवढेच म्हणत असतील.

आपल्या देशात दोन्ही टोके एकाच वेळी आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील सुमारे १९ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या, तर २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या आढळल्या. एकाच चाळीत, कधी कधी एकाच घरात हे दोन्ही प्रकार असतात. म्हणून या विषयाच्या दोन्ही बाजू पाहणे भाग आहे.

शिल्लक आणि नोंदी

बँकेच्या खात्यावर आज किती शिल्लक आहे एवढ्यावरून खातेदाराची स्थिती समजत नाही. मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी पाहाव्या लागतात. शिल्लक थोडी पण वर्षानुवर्षे स्थिर असेल, तर तो माणूस काटकसरीने का होईना पण नीट चालला आहे. शिल्लक मोठी पण दर महिन्याला झपाट्याने घटत असेल, तर काळजीचे कारण आहे. शरीराच्या वजनाचेही तसेच आहे.

दोन रुग्ण डोळ्यांपुढे आणा. पहिल्याची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ४६ किलो. बीएमआय १८ च्या आसपास, म्हणजे कोष्टकाप्रमाणे कमी. परंतु गेली वीस वर्षे त्याचे वजन तेवढेच आहे, तो जेवतो नीट आणि रोज कामावर जातो. दुसऱ्याची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. बीएमआय २६ च्या वर. दिसायला चांगला भरलेला. परंतु सहा महिन्यांपूर्वी त्याचे वजन ८४ किलो होते. म्हणजे १२ किलो, शेकडा १४ पेक्षा जास्त घट, तीही कोणताही प्रयत्न न करता. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने या दोघांत अधिक चिंता दुसऱ्याची करावी लागते. आणि नेमका तोच नातेवाइकांच्या नजरेतून सुटतो, कारण ‘तब्येत तर बरी दिसते’ असे सगळे म्हणतात.

घट मोजण्याचे सूत्र सोपे आहे. पूर्वीच्या वजनातून आताचे वजन वजा करावे, आलेल्या आकड्याला पूर्वीच्या वजनाने भागावे आणि शंभराने गुणावे. सहा महिन्यांत शेकडा ५ पेक्षा जास्त घट आपोआप झाली असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. शेकडा १० च्या पुढे गेल्यास ती गंभीर बाब समजली जाते.

ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वी कळली. १९३६ मध्ये हायरम स्टडली या अमेरिकन शल्यविशारदांनी जठराच्या व्रणासाठी म्हणजे अल्सरसाठी केलेल्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. तो रोग कर्करोग नव्हता, पण धडा सर्वांना लागू पडतो. ऑपरेशनपूर्वी ज्यांचे वजन शेकडा २० किंवा अधिक घटले होते, त्यांच्यापैकी तिघांत एक दगावला. ज्यांची घट त्याहून कमी होती, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा साडेतीन होते. शल्यविशारद तेच, रुग्णालय तेच, पण परिणामात एवढे अंतर!

खंगलेल्या शरीराला धोका का?

शस्त्रक्रिया म्हणजे शरीराच्या दृष्टीने एक मोठी ठरवून केलेली जखम. ती भरून काढण्यासाठी नवी त्वचा, नवे तंतू आणि नव्या रक्तवाहिन्या तयार कराव्या लागतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढवाव्या लागतात. या सर्वांचा कच्चा माल म्हणजे प्रथिने. ऑपरेशननंतर काही दिवस रुग्ण पुरेसे जेवू शकत नाही. तेव्हा शरीर हा माल आपल्याच स्नायूंमधून काढते. स्नायू हे शरीराच्या प्रथिनांचे कोठार आहे. कोठार आधीच रिकामे असेल, तर काढणार कोठून?

मग त्याचे परिणाम दिसू लागतात. टाके घातलेली जागा नीट जुळत नाही. आतड्याची दोन टोके शिवून जोडली असतील, तर तो जोड गळण्याची भीती असते. छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू अशक्त झाल्याने रुग्णाला जोराने खोकता येत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. उठून चालवत नाही म्हणून पाठीला आणि कंबरेला जखमा होतात. एकेक दिवस वाढत जातो, खर्च वाढतो, आणि पुढे द्यायची केमोथेरपी किंवा रेडिएशन लांबणीवर पडते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही उपचार अपुरा राहतो, तो असा.

कर्करोगात वजन घटते ते केवळ अन्न कमी गेल्यामुळे नव्हे. गाठीमुळे शरीरात एक प्रकारचा दाह चालू राहतो, भूक मरते, चव बदलते आणि खाल्लेले अन्न स्नायूंच्या कामी येण्याऐवजी स्नायूच झिजत जातात. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, तोंड आणि घसा यांच्या कर्करोगात हे विशेष दिसते, कारण तेथे रोग अन्नाच्या वाटेवरच बसलेला असतो. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. तंबाखू आणि गुटख्याने तोंड आधीच आखडलेले, त्यात गाठ आणि वेदना. असा रुग्ण महिनोन् महिने चहा-बिस्किटे आणि पेजेवर काढतो आणि मग ऑपरेशनला येतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, परंतु पूर्वीच्या आणि आजच्या सवयीची किंमत अशा रीतीने चुकवावी लागते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ७५ देशांतील मोठ्या आतड्याच्या आणि जठराच्या कर्करोगाच्या साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांची नोंद घेण्यात आली. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्ण तीव्र कुपोषित होते. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत, म्हणजे आपला देश ज्या गटात मोडतो तेथे, हे प्रमाण निम्म्याहून पुष्कळ जास्त होते. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याचा धोका कुपोषित रुग्णांमध्ये सर्वच देशांत वाढलेला दिसला, आणि गरीब देशांत तो सर्वाधिक वाढला.

स्थूल रुग्णापुढील अडचणी

दुसरी बाजू स्थूलतेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये निष्कर्ष काढला की, अतिरिक्त चरबीचा संबंध तेरा प्रकारच्या कर्करोगांशी आहे. त्यांत मोठे आतडे, गर्भाशयाचे अस्तर, मूत्रपिंड, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग यांचा समावेश होतो. याचा अर्थ प्रत्येक स्थूल माणसाला कर्करोग होतो असा नाही. शक्यता वाढते एवढाच. आणि ज्याला रोग झाला त्याला ‘खाऊन खाऊन ओढवून घेतलेस’ असे ऐकवणे तर सर्वथा अयोग्य होय.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर स्थूलतेमुळे अनेक अडचणी येतात. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाते. अनेक स्थूल माणसे झोपेत घोरतात आणि मध्येच त्यांचा श्वास काही क्षण थांबतो. अशांना भुलीनंतर अधिक जपावे लागते. पोटातील चरबीमुळे शल्यविशारदाला गाठ आणि रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत. ऑपरेशन लांबते, रक्तस्राव वाढतो. दुर्बिणीतून सुरू केलेली शस्त्रक्रिया कधी पोट उघडून पूर्ण करावी लागते. त्वचेखालच्या चरबीला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तेथे जखमेत पू होण्याचे प्रमाण जास्त असते आणि पुढे त्याच जागी हर्निया होऊ शकतो. पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोकाही वाढतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्यानंतर हाताला सूज येण्याची शक्यता स्थूल स्त्रियांत अधिक असते. प्रतिजैविकांची मात्राही वजन पाहून ठरवावी लागते.

यांपैकी बहुतेक धोके माहीत असल्यामुळे त्यांवर आधीच उपाय योजता येतात. गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन आणि पायात घट्ट मोजे, साखरेवर नियंत्रण, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून चालवणे, हे त्यांतलेच. म्हणूनच रुग्णाला वेदना होत असताना परिचारिका त्याला उभे करू लागली, की नातेवाइकांनी ‘असू द्या हो, आज राहू द्या’ म्हणून अडवू नये.

एक विचित्र कोडे

एवढे वाचल्यावर वाचकांना वाटेल की स्थूल रुग्ण सर्वांत जास्त दगावत असतील. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत पोटाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्थूल रुग्णांत जखमेच्या तक्रारी जास्त होत्या, परंतु मृत्यूचे प्रमाण वाढलेले नव्हते. उलट कमी वजनाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होता. पुढे इतरही काही अभ्यासांत थोड्या जास्त वजनाचे रुग्ण चांगले तरले असे आढळले. शास्त्रज्ञ याला स्थूलतेचा विरोधाभास म्हणतात.

यावरून ‘लठ्ठपणा चांगला’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. याची तीन कारणे सांगता येतील. पहिले, ज्यांचा रोग अधिक बळावला आहे त्यांचे वजन आधीच उतरलेले असते. म्हणजे वजन कमी म्हणून परिणाम वाईट, की रोग गंभीर म्हणून वजन कमी, हे वेगळे करणे कठीण जाते. दुसरे, थोडे वजन जास्त असलेल्या माणसाकडे उपाशी दिवसांसाठी काही साठा असतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, बीएमआय हे गणित स्नायू आणि चरबी यांत फरक करत नाही. पैलवानाचे आणि दिवसभर बसून काम करणाऱ्याचे आकडे सारखे येऊ शकतात.

या तिसऱ्या मुद्द्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. तेथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन या दोघांनी स्वतःचीच मोजमापे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छायाचित्रासह छापली. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. परंतु यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण आहे, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

कर्करोगात हा फरक फार मोलाचा ठरतो. रोग पाहण्यासाठी काढलेल्या पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचे स्नायू किती आहेत हेही मोजता येते. २००८ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवले की, स्थूल असूनही ज्यांचे स्नायू झिजले आहेत अशा कर्करुग्णांचे आयुर्मान इतर स्थूल रुग्णांपेक्षा कमी असते. बाहेरून भरलेला आणि आतून पोकळ, असा हा रुग्ण असतो. याशिवाय यकृताच्या किंवा अंडाशयाच्या रोगात पोटात पाणी साठते, पायांवर सूज येते. तेव्हा काट्यावरचा आकडा वाढतो आणि माणूस मात्र झिजत असतो. अशा वेळी दंड, खांदे आणि मांड्या पाहाव्यात. रुग्णाला खुर्चीवरून हात न टेकता उठता येते का, हेही पाहावे.

‘ऑपरेशन पुढे ढकलले’ म्हणजे काय?

अनेक कुटुंबांची मोठी तक्रार असते की, तारीख मिळाली आणि डॉक्टरांनी ‘आधी तब्येत सुधारा’ म्हणून परत पाठवले. घरात घबराट पसरते. गाठ वाढेल, डॉक्टर टाळाटाळ करीत आहेत, गरिबाला कोणी विचारत नाही, असे बोल निघतात. रुग्णालयांत गर्दी आहे आणि गरिबाला हेलपाटे पडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पोषणासाठी दिलेली मुदत ही त्यातली गोष्ट नव्हे. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसच अशी आहे की, ज्याचे वजन सहा महिन्यांत शेकडा १० ते १५ हून अधिक घटले आहे, किंवा बीएमआय १८.५ च्या खाली आहे, किंवा रक्तातील अल्ब्युमिन फार उतरले आहे, अशा रुग्णाची मोठी शस्त्रक्रिया, कर्करोग असला तरीही, सात ते चौदा दिवस थांबवून आधी पोषण द्यावे. बहुतेक गाठी महिन्यांच्या हिशेबाने वाढलेल्या असतात. त्या दोन आठवड्यांत होणाऱ्या नुकसानीपेक्षा अशक्त शरीरावर सुरी चालवण्याचे नुकसान मोठे असते. आतडे बंद पडले असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर मात्र थांबता येत नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच.

नातेवाइकांनी विचारायचा प्रश्न हा की, ‘या दिवसांत आम्ही नेमके काय करायचे?’ हा प्रश्न न विचारता नुसती वाट पाहिली, तर ते दिवस खरोखरच वाया जातात.

या काळाचा उपयोग होतो याचा पुरावा आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सुमारे अडीचशे रुग्णांवर युरोप आणि कॅनडामध्ये झालेला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना ऑपरेशनपूर्वी चार आठवडे व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि गरज असल्यास धूम्रपान सोडण्यास मदत दिली गेली. त्यांच्यात गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा १७ राहिले. ज्यांना हे मिळाले नाही, त्यांच्यात ते शेकडा ३० च्या जवळ होते.

स्वयंपाकघरातील तयारी

आता खर्चाचा विचार करू. रुग्णाला दररोज, त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. ५० किलोच्या माणसाला दीडच्या हिशेबाने ७५ ग्रॅम. हे महागड्या डब्यांतूनच मिळते असे नाही. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६, दोन वाट्या घट्ट वरणातून १४, एक वाटी मटकीच्या उसळीतून ७, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि चार पोळ्यांतून १२. एकूण ६८ झाले. माशाचा एक तुकडा किंवा आणखी एक ग्लास दूध दिले की हिशेब पूर्ण होतो. अंडी न खाणाऱ्यांना पिठात सोयाबीन दळून घालता येते. सुकट-बोंबीलही प्रथिनांनी समृद्ध आहेत. मीठ जास्त असते म्हणून ते धुऊन वापरावेत.

ज्याला चावता किंवा गिळता येत नाही, त्याच्यासाठी वरण, मऊ खिचडी, अंडे, दही, शेंगदाण्याचे कूट मिक्सरमधून काढून त्यात चमचाभर तूप घालावे. तीन वेळा ताटभर देण्याऐवजी दर दोन तासांनी वाटीभर द्यावे. नाकातून नळी घालण्यास अनेक रुग्ण आणि नातेवाईक घाबरतात. ‘आता शेवट आला’ असा त्याचा अर्थ लावतात. वास्तविक ती नळी अन्नाची वाट मोकळी करण्यासाठी असते. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत ती घालावीच लागते. महिनाभर जवळजवळ उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालू नये. त्याने रक्तातील क्षार बिघडून हृदयाला धोका पोहोचतो. हळूहळू वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल तर आहारतज्ज्ञांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

काही समजुती मोडल्या पाहिजेत. ‘सलाईनने ताकद येते’ ही त्यांतली पहिली. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत साधारणतः २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभर कॅलरीच्या आत-बाहेर, आणि प्रथिने शून्य. त्याहून अधिक ऐवज एका ग्लास दुधात आहे. पाणी कमी झाले असेल तर सलाईन उपयोगी, पण पोषण म्हणून कर्ज काढून बाटल्या लावणे व्यर्थ होय. दुसरी समजूत, ‘रुग्णाला जेवू घातले तर गाठ पोसते, उपाशी ठेवले तर मरते.’ उपाशी ठेवल्याने आधी माणूस खंगतो. तिसरी, भेटीला जाताना फक्त शहाळे आणि मोसंबी नेण्याची. त्यांत वाईट काही नाही, पण उकडलेली अंडी किंवा घरचे दही नेले तर ते अधिक कामी येईल. चौथी, स्थूल रुग्णाने निदान होताच जेवण तोडण्याची. त्याने चरबीबरोबर स्नायूही जातात. अशा रुग्णाने प्रथिने चालू ठेवून साखर आणि तळलेले कमी करावे, रोज चालावे, आणि वजन उतरवण्याचा कार्यक्रम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

बारीक असो वा स्थूल, चालणे, जिने चढणे, तीन गोळ्यांच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम करणे आणि तंबाखू त्याच दिवशी सोडणे, या गोष्टी सर्वांना लागू आहेत आणि त्यांना फारसे पैसे लागत नाहीत.

कुटुंबाने ठेवायची वही

शेवटी, प्रत्येक घराने करता येण्याजोगे एक काम सुचवावेसे वाटते. एक साधी वही करावी. घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे वजन दर महिन्याला, शक्यतो एकाच काट्यावर घेऊन तारखेसह लिहावे. हे काम घरातील शाळा-कॉलेजातील मुलांनी अंगावर घ्यावे. बीएमआय काढणे आणि शेकडा घट मोजणे त्यांना सहज जमेल. कारण नसताना वजन उतरू लागले, तर ‘उन्हाळा आहे’, ‘काळजीने वाळला’ असे म्हणत न बसता डॉक्टरांकडे जावे. बायका स्वतःच्या उतरत्या वजनाबद्दल सहसा बोलत नाहीत, सर्वांचे झाल्यावर उरलेले खातात. त्यांची नोंद तर आवर्जून ठेवावी.

आणि दुर्दैवाने कोणाला शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागलेच, तर ही वही बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. सहा महिन्यांत एवढे वजन घटले आहे, त्याला धोका किती? ऑपरेशनपूर्वी आहारतज्ज्ञांना भेटता येईल का? तोपर्यंत रोज काय आणि किती द्यावे, किती चालवावे? ऑपरेशननंतर तोंडाने किंवा नळीने अन्न कधी सुरू होईल? जठर काढले असल्यास आयुष्यभर थोडे थोडे खाणे आणि ‘बी-बारा’ची इंजेक्शने यांविषयीही विचारून घ्यावे. घरी परतल्यावरही दर आठवड्याला वजन त्याच वहीत लिहीत राहावे, कारण पुढचे उपचार घेण्याइतके बळ रुग्णात आहे की नाही, हे त्या नोंदींवरूनच प्रथम कळते.